एसटीपीचं (मैलापाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं) पाणी हिरवळीला: मे महिन्यात करपते, जुलैत चिखल होतो. चुकतंय कुठे?

कांजूरकर_४२ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सगळे आकडे आधीच देतो, म्हणजे उलटतपासणी कमी होईल.

कांजूरमार्गचं संकुल. ३८० सदनिका, साधारण १९०० माणसं. एसटीपी २५० केएलडी (दिवसाला अडीच लाख लिटर), एमबीबीआर पद्धतीची (प्लास्टिकच्या तरंगत्या तुकड्यांवर जिवाणू वाढवणारी). पुढे ट्यूब सेटलर (गाळ बसवणारी टाकी), मग हायपो (क्लोरीनचं द्रावण), मग सँड फिल्टर, कार्बन फिल्टर आणि शुद्ध पाण्याची टाकी. हे पाणी फ्लशला जातं, उरलेलं पालिकेच्या मलवाहिनीत. बागेला पूर्वी टँकर यायचा. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून बागही एसटीपीवर घेतली. बाग म्हणजे पोडियमवर (पार्किंगच्या छतावर) दीड एकर: सिलेक्शन वनची हिरवळ, कडेने एक्झोरा, जास्वंद, मोगरा, आणि कोपऱ्यात २०० चौरस मीटरचं पटिंग ग्रीन (गोल्फचा चेंडू होलमध्ये ढकलायचा बारीक कापलेला तुकडा). माती लाल, जाडी दीड फूट. सगळीकडे पॉप-अप स्प्रिंकलर.

गेल्या मे महिन्यात एक्झोराची पानं कडेने करपली, हिरवळीची टोकं पिवळी पडली. जुलैत हिरवळीवर पाय ठेवला की पचपच. ड्रेनच्या जाळ्या साफ होत्या, तरी पाणी खाली उतरत नव्हतं. यंदाच्या मे महिन्यात पुन्हा तेच सुरू झालंय.

प्रयोगशाळेचा अहवाल: पीएच ७.३, टीडीएस (विरघळलेले क्षार) ५६०, बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) ८, निलंबित घन पदार्थ १२, अमोनिया नायट्रोजन ६, एकूण नायट्रोजन १५, सोडियम १६०, कॅल्शियम ८, मॅग्नेशियम ४, क्लोराइड १४० (सगळे मिग्रॅ प्रति लिटर), फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतले जिवाणू) १७० प्रति १०० मिलि.

मक्तेदार म्हणतो पाणी उत्तम आहे, माळ्याला समजत नाही. माळी म्हणतो पाण्यात औषध आहे.

पंपघर

दोघंही अर्धे बरोबर आहेत. आधी पाण्याचा हिशेब मांडू, कारण निम्मे लोक तिथेच गडबडतात.

१९०० माणसं गुणिले १३५ लिटर म्हणजे रोजचे २५६ केएल (हजार लिटर). त्यातलं ८५-९० टक्के एसटीपीत येतं, धरा २२०. फ्लशला माणशी ४५ लिटर म्हणजे ८५ केएल. बागेचं गणित सोपं: मुंबईत उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला ५ मिमी धरा. १ एकर म्हणजे ४०४७ चौ.मी., म्हणून ५ मिमीला २० हजार लिटर. दीड एकराला ३०. एकूण ११५ केएल लागतं, तुमच्याकडे जवळपास दुप्पट आहे. म्हणजे पाणी कमी पडत नाही आणि माळ्याला हात आखडता घ्यायचं कारण नाही. हे पुढे मिठाच्या मुद्द्यावर कामाला येईल.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात बहुतेक मोठ्या संकुलांना ६० टक्के पुनर्वापराची अट असते. २२० चे ६० टक्के म्हणजे १३२. फ्लश आणि बाग मिळून उन्हाळ्यातसुद्धा ती पुरी होत नाही, जून ते सप्टेंबर तर बागेची मागणी शून्य. कुलिंग टॉवर, गाड्या धुणं, पार्किंगची धुलाई हे जोडावं लागतं. पावसाळ्यात "बागेला ३० केएल" असं लॉगबुकात रोज लिहिलेलं सापडतं ना, ते वाचून हसू येतं.

माती_आणि_मीठ

पंपघर, हिशेब चोख. आता अहवालाकडे या.

टीडीएस ५६० काही वाईट नाही. पण सोडियम १६० आणि कॅल्शियम फक्त ८? पालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणेचं, मुळात मऊ आणि कमी क्षारांचं. माणसाच्या वापराने त्यात मीठ वाढतं, पण इतकं एकतर्फी सहसा नाही.

सोडियमचं शोषण-गुणोत्तर काढा, ज्याला सगळे एसएआर म्हणतात: कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती भारी. मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (विद्युतभाराच्या हिशेबातलं माप) सोडियम १६०÷२३ = ६.९६, कॅल्शियम ८÷२० = ०.४०, मॅग्नेशियम ४÷१२.२ = ०.३३. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बेरजेचा निम्मा ०.३६५, त्याचं वर्गमूळ ०.६०. एसएआर = ६.९६÷०.६० = साडेअकरा.

आता तेवढंच सोडियम ठेवून कॅल्शियम ३० आणि मॅग्नेशियम १२ करून पाहा. उत्तर ६.२ येतं. जवळपास निम्मं. म्हणजे घोळ सोडियमइतकाच कॅल्शियमच्या अभावाचा आहे.

कांजूरकर, सरळ विचारतो: संकुलात सॉफ्टनर (पाण्याचा कठीणपणा काढणारं यंत्र) आहे का?

कांजूरकर_४२

आहे. दोन बोअरवेल आहेत, त्यांचं पाणी सॉफ्टनरमधून जाऊन पालिकेच्या पाण्यात मिसळतं. रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने सॉफ्टनर धुऊन पुन्हा ताजा करणं) शनिवारी रात्री होतं आणि ते खारं पाणी मैलापाण्याच्या चेंबरमध्ये सोडलं जातं. एसटीपीचा नमुना बुधवारी घेतला होता.

माती_आणि_मीठ

तोच चोर. आठवडाभर कॅल्शियम सॉफ्टनरच्या रेझिनमध्ये अडकून बसतं आणि त्या बदल्यात सोडियम पाण्यात उतरतं. शनिवारी रात्री अडकलेलं कॅल्शियम आणि जास्तीचं मीठ एका झटक्यात एसटीपीवर आदळतं. रविवारी सकाळी इक्वलायझेशन टाकीत (मैलापाणी आधी साठतं तिथे) टीडीएस-पेन बुडवा, आकडा बुधवारपेक्षा कितीतरी वर दिसेल. त्या झटक्याने जिवाणूही गारठतात आणि सोमवारी सेटलरमधून गाळ वर येतो, तो वेगळाच ताप.

दोन कामं करा, दोन्ही स्वस्त. एक, रिजनरेशनचं पाणी छोट्या टाकीत साठवून दोन-तीन दिवसांत थोडं थोडं सोडा, आणि त्या दिवसांत बागेचा व्हॉल्व्ह बंद ठेवा. दोन, सॉफ्टनरचा बायपास उघडा. घरगुती वापराला कठीणपणा शून्य करायची गरजच नसते, १००-१२० मिग्रॅपर्यंत राहू द्या. गिझर टिकतात, साबणाला फेस येतो, मीठ कमी लागतं आणि बागेला कॅल्शियम मिळतं. ऑपरेटरना शून्य दाखवायची हौस असते, कारण किटमध्ये निळा रंग छान येतो.

आता जुलैच्या चिखलाबद्दल. हे नीट समजून घ्या, कारण ९० टक्के ठिकाणी दोष पावसाला दिला जातो. सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतं. पाण्यात थोडे क्षार आहेत तोवर कण एकमेकांना धरून असतात, म्हणून मे महिन्यात माती ठीक वाटते. जूनमध्ये पडतं निव्वळ पावसाचं पाणी. क्षार धुऊन जातात, सोडियम मात्र कणांवरच राहतं, आणि चिकणमाती विस्कटून दुधासारखी होते. तिचे बारीक कण भोकं बुजवतात. तुमच्या जाळ्या साफ असून उपयोग नाही, पाणी जाळीपर्यंत पोचतच नाही.

घरच्या घरी तपासता येतं. हिरवळीखालचं वाटाण्याएवढं सुकं ढेकूळ घ्या. काचेच्या ग्लासात डिस्टिल्ड पाणी (बॅटरीचं चालेल) घेऊन ते अलगद सोडा. हलवायचं नाही, ढवळायचं नाही. ढेकूळ नुसतं ढासळलं तर काळजी नाही. पण दोन तासांत त्याच्याभोवती दुधाळ ढग पसरला आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच राहिलं, तर सोडियमने माती पकडलीय.

हिरवा_पट्टा

ग्लासची चाचणी भारी आहे. पण उपाय काय, माती बदलायची?

माती_आणि_मीठ

माती कशाला बदलता, पोडियमवर ट्रक चढवायचा खर्च माहीत आहे ना. जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट; त्यातलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवतं. शेतीचं, बारीक दळलेलं. चौरस मीटरला ७५ ग्रॅम धरलं तर दीड एकराला ४५५ किलो, म्हणजे ५० किलोच्या नऊ गोण्या. दोन हप्त्यांत: अर्धं आत्ता, अर्धं पावसाच्या आठवडाभर आधी. टाकण्यापूर्वी हिरवळ टोचून घ्या, फोर्क खुपसून १० सेमी खोल, वीतभर अंतरावर. नुसतं वर भुरभुरलं तर थरावरच बसतं. नंतर भरपूर पाणी. जिप्सम विरघळतं हळू, लिटरला जेमतेम अडीच ग्रॅम, म्हणून शिंपडून बादलीभर पाणी मारलं की काम झालं असं नाही. आणि खाली जाणारं सोडियम बाहेर पडायला ड्रेन-सेलचा (मातीखालच्या पोकळ निचरा-थराचा) मार्ग मोकळा हवा. आधी एका आउटलेटवर पाणी ओतून ते खाली कुठे निघतं ते बघा.

पावसाळा हा मुंबईचा फुकटचा धुलाई-कामगार आहे. चार महिन्यांत दोन हजार मिमीच्या वर पाऊस. जिप्सम आधी पडलं असेल तर तोच पाऊस सोडियम धुऊन नेतो. नसेल तर तोच पाऊस चिखल करतो.

मोगरा_कट्टा

हिरवळीचं झालं, एक्झोराचं राहिलं. तिथला दोष वेगळा आहे. क्लोराइड १४०, सोडियम १६०. जमिनीतून दिलं तर बऱ्याच झाडांना चालून जातं, पण पानांवर उडालं की पान ते थेट शोषतं. पानावर पडणाऱ्या पाण्यासाठी साधारण ७० मिग्रॅ सोडियम आणि १०५ मिग्रॅ क्लोराइड ही सावधगिरीची रेषा मानतात. तुमचे स्प्रिंकलर कुंपणाच्या झाडांनाही भिजवतायत. कडेच्या ओळी स्प्रिंकलरमधून काढा आणि ड्रीपवर घ्या. तोवर पाणी रात्रीच द्या. दुपारी पानावरचा थेंब सुकतो आणि मीठ मागे राहतं.

माती, सहनशक्तीचं गणितही सांगा ना. लोकांना वाटतं सगळी झाडं सारखीच.

माती_आणि_मीठ

हो. सिलेक्शन वन म्हणजे शेवटी हरळीचीच जात, आपली दूर्वा. हरळी मातीतला क्षार ६.९ डेसीसीमेन्स प्रति मीटरपर्यंत (क्षार मोजायचं विद्युतवाहकतेचं एकक) निमूट सोसते. नाजूक शोभेची झाडं २ च्या आसपासच रडायला लागतात.

मुळांखाली मीठ ढकलायला जादा पाणी किती द्यायचं त्याचं सूत्र: पाण्याची विद्युतवाहकता भागिले (५ गुणिले झाडाची सहनशक्ती वजा पाण्याची विद्युतवाहकता). तुमचं पाणी टीडीएस ५६० म्हणजे अंदाजे ०.९. हरळीला ०.९÷(३४.५−०.९) = पावणेतीन टक्के, म्हणजे काहीच नाही. एक्झोरासारख्याला ०.९÷(१०−०.९) = १० टक्के. रोज थोडं जास्त देण्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा कुंपणाच्या ओळीला दुप्पट पाणी द्या, मीठ खाली जातं. पंपघरांनी सांगितलंच आहे, पाणी भरपूर आहे.

गाळणी

इतका वेळ गप्प होतो, पण पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य टोचतंय. "मग हायपो, मग सँड फिल्टर, कार्बन फिल्टर." अहो, क्लोरीन कार्बनच्या आधी टाकताय! कार्बन क्लोरीन खाऊन टाकतो. टाकीत पोचतं ते क्लोरीन नसलेलं पाणी, आणि शिवाय कार्बनचा थर जिवाणूंची धर्मशाळा होऊन बसतो. डोसिंगचा पॉइंट कार्बननंतर घ्या आणि पुढे निदान ३० मिनिटं पाणी थांबेल अशी टाकी ठेवा. टाकीत शिरल्या शिरल्या सक्शन असेल तर मधे एक बॅफल भिंत (पाण्याला वळसा घालायला लावणारी).

मात्रा: ११५ केएलला ५ मिग्रॅ म्हणजे ५७५ ग्रॅम क्लोरीन. १० टक्क्यांचं हायपो असेल तर पावणेसहा लिटर. "असेल तर" म्हणतो, कारण कॅन उन्हात गच्चीवर पडलेला असेल तर महिन्याभरात त्याची ताकद बरीच उतरते. सावलीत ठेवा, १५ दिवसांपुरतंच मागवा.

आता दुसरी गोम. अमोनिया ६ आहे. क्लोरीन आधी अमोनियाला चिकटतं, क्लोरामाइन होतं. मोकळं क्लोरीन हवं असेल तर अमोनियाच्या आठ-दहा पट टाकावं लागेल, म्हणजे ५०-६० मिग्रॅ. वेडेपणा आहे तो. पैसाही जातो आणि हायपोतलं सोडियमही वाढतं. बरेच ऑपरेटर पिवळ्या रंगाचं ओटी किट वापरतात. ते एकूण क्लोरीन दाखवतं, मोकळं किती ते वेगळं सांगत नाही. डीपीडी किट घ्या, गुलाबी रंग येतो, दोन्ही वेगळं मोजता येतं.

खरा उपाय हवेच्या टाकीत. विरघळलेला ऑक्सिजन २ मिग्रॅच्या वर हवा, रात्रीही. ब्लोअर रात्री बंद ठेवून वीज वाचवणारे लोक सकाळी अमोनिया मोजत नाहीत. एक किलो अमोनिया-नायट्रोजन संपवायला सुमारे ४.६ किलो ऑक्सिजन लागतो आणि दर मिग्रॅला ७.१ मिग्रॅ अल्कलिनिटी (आम्ल शोषून घ्यायची ताकद) खर्च होते. मुंबईचं पाणी मऊ, त्यात अल्कलिनिटीचा साठा बेताचा. ती संपली की पीएच ६.५ खाली घसरतो आणि काम थांबतं. तेव्हा ऑपरेटर कॉस्टिक सोडा ओततो. ओतू देऊ नका, त्यात पुन्हा सोडियमच! विरलेला चुना वापरा, कॅल्शियम फुकटात मिळतं. माती_आणि_मीठ खूश होतील.

माती_आणि_मीठ

झालो खूश. :)

शंका_भांडुप

हे सगळं झाडांचं. माणसांचं काय? लहान मुलं त्याच हिरवळीवर लोळतात. कोलिफॉर्म १७० चालतो का नाही, ते एका वाक्यात सांगा.

पंपघर

एका वाक्यात नाही बसत, कारण मोजपट्ट्या तीन आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशात फीकल कोलिफॉर्मची कमाल मर्यादा २३० आहे, तिथे तुम्ही पास. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हॉटेलच्या लॉनसारख्या, लोकांचा थेट स्पर्श होणाऱ्या हिरवळीला २०० सुचवले आहेत, तिथे काठावर पास. केंद्राच्या २०१३ च्या मलनिस्सारण मॅन्युअलमध्ये बाग-हिरवळीच्या पुनर्वापरासाठी फीकल कोलिफॉर्म शून्य आणि गढूळपणा २ एनटीयूच्या खाली अपेक्षित आहे, तिथे नापास. जिथे मुलं खेळतात तिथे शेवटचीच मोजपट्टी धरावी असं माझं मत. गाळणींनी सांगितलेला डोसिंगचा बदल केला की १७० चा आकडा आपोआप खाली येईल.

पण निलंबित घन पदार्थ १२ असताना गढूळपणा २ होत नाही. सँड फिल्टर तपासा. तासाला दर चौ.मी.ला १०-१२ घनमीटरपेक्षा जास्त वेग असेल तर वाळू काही धरत नाही. १२ घनमीटरचा पंप असेल तर टाकीचा व्यास १.२ मीटर तरी हवा. आत-बाहेरच्या गेजमध्ये ०.५ बारचा फरक आला की बॅकवॉश, निरीक्षण-काचेत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, १०-१५ मिनिटं. पाच मिनिटांत उरकला तर घाण वाळूच्या पोटातच फिरते. यूव्ही लावणार असाल तर लक्षात ठेवा, गढूळ पाण्यात प्रकाश पोचत नाही आणि क्वार्ट्झची नळी महिन्याला पुसली नाही तर दिवा आपला नुसता जळत राहतो.

मोगरा_कट्टा

वापरातली काळजीही हवी. पाणी रात्री ११ ते पहाटे ४ मध्ये. धुकं उडवणारे बारीक नोझल नकोत, मोठ्या थेंबाचे रोटर, ३ ते ३.५ बारवर. दाब वाढला की थेंब फुटतो आणि खाडीच्या वाऱ्याने पहिल्या मजल्याच्या गॅलरीत जातो. माळ्यांना गमबूट, हातमोजे. कढीपत्ता, पुदिना, अळूचे वाफे या लाइनवर नकोत. आणि हो, गणपतीला दूर्वा खुडायला लोक याच हिरवळीवर येतात. तेव्हा पावसाळा असतो, एसटीपीचं पाणी बंद असतं. तरी श्रावण कोरडा गेला तर पाटी लावा.

नळजोड

पाटीवरून आठवलं. सगळ्यात धोक्याची गोष्ट अजून कोणी काढलीच नाही: दोन लाइनींची गाठभेट. टाकी कमी भरली की पालिकेचं पाणी घेण्यासाठी लोक थेट पाइप जोडतात आणि मधे एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकून निर्धास्त होतात. त्याच्या फ्लॅपखाली वाळूचा एक कण अडकला की संपलं. पालिकेचं पाणी टाकीत वरूनच पडलं पाहिजे, पाइपाचं तोंड टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पातळीपेक्षा पाइपाच्या दुप्पट व्यासाइतकं उंच, निदान २५ मिमी.

मुंबईत तपासणी फार सोपी आहे. पालिकेच्या पाण्याचा टीडीएस शंभराच्या आसपास, तुमच्या एसटीपीचा ५६०. पाचशे रुपयांच्या आत मिळणारा टीडीएस-पेन घेऊन प्रत्येक विंगच्या तळमजल्याचा आणि शेवटच्या मजल्याचा स्वयंपाकघराचा नळ मोजा. तुमच्याकडे बोअरचं पाणी मिसळतं, म्हणून आधी पिण्याच्या टाकीचा आकडा घ्या, त्याच्याशी ताडा. मग एसटीपीचा हायड्रोन्यूमॅटिक पंप दोन तास बंद ठेवा. फ्लश सोडून दुसरं काही बंद पडलं तर तिथे जोड आहे.

बागेच्या नळांना फिरवायची मूठ ठेवू नका, चावीने उघडणारे घ्या. पाइप जांभळे. "हे पाणी पिण्यायोग्य नाही" मराठी, हिंदी दोन्हीत, आणि ग्लासवर फुली मारलेलं चित्र.

आरओ_वाले

एवढी खटपट करण्यापेक्षा आरओ बसवा. टीडीएस ५०, विषय संपला.

पंपघर

विषय संपत नाही, सुरू होतो. आरओला आधी अल्ट्राफिल्टर लागतो, नाहीतर मेम्ब्रेनवर शेवाळी थर चढतो. ३० केएल मिळवायला दहाएक केएल रिजेक्ट (खारं टाकाऊ पाणी) निघतं, ते कुठे सोडणार? पुन्हा एसटीपीत सोडलं तर मीठ गोल गोल फिरतं. आणि टीडीएस ५० चं पाणी सोडियमने भरलेल्या मातीवर घालणं म्हणजे बारमाही जुलै. चेंबूरला आरसीएफने (खत कारखाना) पालिकेच्या मैलापाण्यावर आरओ लावलाय तो कारखान्याच्या कामाला. हरळीला बॉयलरचं पाणी लागत नाही.

नववा_होल

पटिंग ग्रीनकडे कोणी पाहिलं नाही, ते माझ्याकडे. गोल्फ मैदानांवर हे पाणी जगभर वापरलं जातं, सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये तर १९३२ पासून त्यासाठी वेगळा प्रकल्प होता. पण मैदान एक गोष्ट आणि ग्रीन दुसरी. फेअरवेचं (मैदानातल्या मोठ्या पट्ट्याचं) गवत १२ मिमीच्या पुढे असतं, ग्रीनचं ३ ते ५. पान जितकं छोटं तितका ताण सोसायची ताकद कमी.

ग्रीनचा थर नियमाप्रमाणे ३० सेमी वाळू आणि खाली १० सेमी खडी. तुमच्याकडे दीड फूट लाल मातीवरच गवत लावून वर वाळू पसरली असेल, तर ते ग्रीन नाही, ग्रीनच्या वेषातली हिरवळ आहे. ५ सेमी व्यासाचा पाइप खुपसून गाभा काढा. आत काळा पट्टा दिसला आणि सडक्या अंड्याचा वास आला तर त्याला ब्लॅक लेयर म्हणतात: हवा संपलेली, सल्फाइड झालेलं. अशा जागी आधी जिप्सम घालू नका, त्यातलं सल्फेट त्याच जिवाणूंचं खाद्य. आधी निचरा. पोकळ टाइनने (पोकळ दात्याच्या अवजाराने) १२ मिमीची भोकं, ५ सेमी अंतरावर, ८-१० सेमी खोल; गाभे उचलून टाका, भोकं धुतलेल्या वाळूने भरा. नदीची बारीक रेती नको, तिच्यातला गाळ भोकं पुन्हा बुजवतो. वर्षातून दोनदा, मे संपताना आणि ऑक्टोबरात.

खताचंही बघा. नायट्रोजन १५ आहे. महिन्याला १५० मिमी पाणी म्हणजे एकरी ६०७ घनमीटर, त्यातून ९ किलो नायट्रोजन. एकरी २० किलो युरिया, न विचारता! माळी वरून नेहमीचा हप्ता टाकत असेल तर गवत माजतं, मुळं वरवर राहतात, बुरशी येते. एसटीपीवर असताना खत निम्म्यावर आणा. पोटॅश मात्र चालू ठेवा.

हिरवा_पट्टा

मोठ्या मैदानाचा आकडा काय येतो? आणि पालिकेचे नवे प्रकल्प झाले की तिथून पाणी घेता येईल ना?

नववा_होल

१८ होलच्या मैदानात भिजवायची जागा ६० एकर धरली तर दिवसाला १२ लाख लिटर. १० हजार लिटरचे १२० टँकर. म्हणून टँकरवर गोल्फ हा विनोद आहे. आठ तासांत द्यायचं तर पंप तासाला १५० घनमीटरचा हवा आणि साठ्याला तळं. तळ्यात फॉस्फरस लिटरला १ मिग्रॅ असला तरी शेवाळाला मेजवानी असते. एअरेटर, कडेला खोली एकदम वाढणारा उतार, आणि सक्शन तरंगतं, पृष्ठाखाली दोन फुटांवर. तळाशी गाळ, वर शेवाळ, मधलं पाणी बरं. डासांसाठी गप्पी मासे, पण क्लोरीन तळ्यात शिरण्याआधी उतरलेलं हवं.

माती_आणि_मीठ

पालिकेच्या प्रकल्पांबद्दल: वरळी ५००, मालाड ४५४, धारावी ४१८, वांद्रे ३६०, घाटकोपर ३३७, भांडुप २१५, वर्सोवा १८०, एकूण २४६४ दशलक्ष लिटर रोज. पाणी प्रचंड आहे. पण किनाऱ्याच्या जुन्या मलवाहिन्यांत भरतीला सांध्यांतून खारं पाणी झिरपतं. त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि अष्टमीच्या भांगेला असे दोन वेगळे नमुने घेऊन क्लोराइड बघितल्याशिवाय करार करू नये. समुद्राला लागून असलेल्या मैदानांनी सीशोअर पास्पालम लावलं तर बराच खारेपणा चालून जातो. पण हरळीतून पास्पालमवर जायचं म्हणजे सगळं जुनं गवत मुळापासून मारावं लागतं. हरळी मरते का? कोकणातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा.

मोगरा_कट्टा

कांजूरकर, ड्रीप लावाल तेव्हा १३० मायक्रॉनचा डिस्क फिल्टर, दाब-नियंत्रित ड्रीपर, आणि प्रत्येक लाइनच्या टोकाला फ्लश व्हॉल्व्ह. दर पंधरा दिवसांनी टोक उघडा. आधी काळं शेवाळी पाणी येतं, ते स्वच्छ होईतो वाहू द्या. सँड फिल्टर आहे म्हणून डिस्क नको असं मक्तेदार म्हणेल, ऐकू नका. जिवाणूंचा थर फिल्टरनंतरच्या पाइपातच वाढतो.

आणि येत्या दहा-पंधरा दिवसांतली सर्वात मोठी चूक आत्ताच सांगते. पहिला वळीव पडला की माळी बागेचं पाणी बंद करतो. करू नये! मे अखेरीस मीठ मातीच्या वरच्या बोटभर थरात आणि ड्रीपच्या ओल्या वर्तुळाच्या कडेला साचलेलं असतं. पाच-दहा मिमीचा पाऊस ते नेमकं मुळांपर्यंत नेऊन सोडतो, त्याच्या पुढे ढकलत नाही. वळवाच्या रात्री उलट नेहमीचं पाणी पूर्ण द्यायचं. खरा पाऊस बसला, ५०-६० मिमी झाला, की मग बंद.

कांजूरकर_४२

आज ग्लासची चाचणी केली. तीन ठिकाणचं ढेकूळ. हिरवळीच्या मधलं आणि ग्रीनजवळचं दुधाळ, एक्झोराखालचं स्वच्छ. ग्रीनमध्ये काळा पट्टा ६ सेमीवर आहे, वासासकट. सॉफ्टनरचा बायपास अर्धा उघडलाय, हायपोचा पाइप उद्या कार्बननंतर येतोय. एक राहिलं: टाकीतल्या पाण्याला सोमवारी सकाळी वास येतो, बाकी दिवस नाही.

गाळणी

शनिवारच्या मिठाने जिवाणू गारठतात, गाळ सुटून पुढे येतो आणि टाकीच्या तळाशी बसून कुजतो. रिजनरेशनचं पाणी अडवलंत की बहुतेक वास जाईल. तरी टाकीत दीड दिवसापेक्षा जास्त पाणी राहू देऊ नका, तळ एकदा उपसून धुवा, आणि ब्लोअरच्या लाइनवरून अर्ध्या इंचाची एक फांदी टाकीत सोडा.

रोज सकाळी हवेच्या टाकीतला एक लिटर मेजपात्रात घेऊन अर्धा तास स्थिर ठेवायला ऑपरेटरला सांगा. गाळ खाली बसून वरचं पाणी नितळ दिसायला हवं. सोमवारी ते ढगाळ दिसलं तर माझं निदान बरोबर.

नळजोड

पुढचा नमुना पाठवताना एक बघा. कोलिफॉर्मची बाटली प्रयोगशाळेचीच हवी, तिच्या तळाशी सोडियम थायोसल्फेटचे कण असतात, ते क्लोरीन मारतात. ती विसळायची नाही. बिसलेरीच्या बाटलीतून नमुना गेला तर वाटेत क्लोरीन आपलं काम करत राहतं आणि अहवाल खोटाच छान येतो. बर्फात ठेवा, त्याच दिवशी पोचवा. आणि नमुना टाकीतून नको, बागेतल्या सर्वात लांबच्या नळावरून, पाच मिनिटं पाणी वाहून गेल्यावर. माती, सोडियमचे नमुने कधी घ्यावेत?

माती_आणि_मीठ

बुधवार आणि रविवार, दोन्ही. वेगळ्या बाटल्या, वर तारीख आणि वार लिहून.